रोखून धरा

रुग्णाचं नाव: अनंता.
वय: त्याला माहीत नाही. बायको म्हणते, चाळीसच्या आत.
राहणार: नेरे गावाच्या पुढे, डोंगराखालची वाडी.
काम: सात वर्षं खडीच्या क्रशरवर, मग वीटभट्टीवर. गेलं दीड वर्ष घरीच.

अ‍ॅम्ब्युलन्सबरोबर जे डॉक्टर येतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला तुमच्याशी बोलता येणार नाही. का, ते पुढे येईल. मधेमधे एखादा शब्द सुटा पडलेला दिसेल. तो मी मोठ्याने म्हणते आहे आणि म्हणता म्हणता हातून कागदावर उतरतो. दर वेळी उतरत नाही. तो वगळून वाचा.

घ्या.

मी रुचिरा. डॉक्टर नाही. नवीन पनवेलला स्टेशनच्या रस्त्यावर एका फरसाणाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. चार माणसं, दोन एसी, त्यातला एक चालू. दुपारी खालून शेव तळल्याचा वास येतो आणि सगळ्यांना एकदमच भूक लागते. आम्ही डॉक्टरांच्या परिषदांसाठी टेबलं बनवतो. टेबल म्हणजे सहा माणसांच्या जेवणाच्या टेबलाएवढा आडवा टचस्क्रीन. त्यात हृदय, मूत्रपिंड, गुडघा, जो विषय असेल तो अवयव तरंगत असतो. तज्ज्ञ मंडळी तो बोटाने फिरवतात, चिमटीने मोठा करतात, तळहात आडवा सरकवून कापतात.

"तज्ज्ञांना शिकवायला जायचं नाही," आमचा मालक देवेश मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "त्यांना सगळं येतं. त्यांना फक्त हात लावायला काहीतरी द्यायचं."

हे खरं आहे. पन्नाशीचे प्राध्यापक टेबलाजवळ आले की आधी इकडेतिकडे बघतात, मग हळूच एक बोट टेकवतात. लहान मुलं पाण्याला लावतात तसं.

सोडा.

पूर्वेतिहास.

छातीच्या डॉक्टरांची एक परिषद आज खारघरला आहे. विषय, धुळीने खराब झालेली फुप्फुसं. मी चित्रावरून एक सुंदर फुप्फुस बनवलं होतं. डॉ. सत्यजीत, जे या परिषदेचे प्रमुख आहेत, त्यांनी ते दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "हे पुस्तकाचं आहे. मला माणसाचं दाखवा."

म्हणून जानेवारीत आम्ही नेऱ्याच्या बाजूला आरोग्य शिबिरात गेलो. शाळेच्या मैदानात स्कॅनची गाडी उभी होती. मशीनच्या आत एक रेकॉर्ड केलेला आवाज असतो, तो हिंदीत आणि इंग्रजीत श्वास घ्यायला नि रोखायला सांगतो. स्कॅन होताना छाती हलली तर चित्र पुसट येतं. अनंताचं तीनदा पुसट आलं. त्याला खोकलाही होता आणि सूचनाही कळत नव्हती.

"मॅडम, तुम्हीच बोला ना माइकवर," परेश, तिथला तंत्रज्ञ, मला म्हणाला. "मी बोललो की लोक घाबरतात. बायको पण घाबरते."

मी माइक घेतला. चार वाक्यं असतात. श्वास घ्या. रोखून धरा. सोडा. आता नेहमीसारखा श्वास घेत राहा.

त्याने चारही पाळली. चित्र स्वच्छ आलं. बाहेर आल्यावर तो माझ्यापाशी थांबला. उंच, हाडं वर आलेला माणूस, खांद्यावर टॉवेल. "ताई, तुमी सांगितलं म्हनून जमलं," म्हणाला. "त्या मशिनीचं मला काय कळंना." मग संमतीच्या कागदावर अंगठा देऊन, तो टॉवेलला पुसून निघून गेला.

घ्या.

ऑफिसात आलं की पहिलं काम नाव पुसायचं. नाव, गाव, तारीख. हे मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही. मला त्यात एक प्रकारची स्वच्छता वाटते. पुसल्यावर जे उरतं ते सगळ्यांचं असतं. अनंता 'केस ०४' झाला.

माइकवरचा माझा आवाजही रेकॉर्ड झाला होता. देवेशला तो आवडला. त्याने तो टेबलात घालायला लावला: डॉक्टरांनी बोट टेकवलं की 'श्वास घ्या', फुप्फुस भरत जातं, 'रोखून धरा', आणि ते तसंच भरलेलं थांबतं. मग हवं तिथे कापा, आत शिरा, गाठी मोजा. बोट उचललं की पहिल्यापासून.

"ती शेवटची दोन वाक्यं उडव," देवेश म्हणाला. "सोडा म्हटलं की मॉडेल आक्रसतं आणि बोटाखालची गाठ निसटते. लोक वैतागतात."

मी उडवली. पाच मिनिटांचंही काम नव्हतं.

लक्षात घ्या, मी काय करून बसले होते. घ्या, रोखून धरा. घ्या, रोखून धरा. घ्या, रोखून धरा. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा, आणि सोडा एकदाही नाही.

सोडा.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, फुप्फुसात किती हवा मावते आहे त्याचा. बनवलं तेव्हा तो ३.६२ लिटर होता. मॉडेल बदलत नसतं; ती एक फाइल आहे, दगडात कोरल्यासारखी. दहा दिवसांनी आकडा ३.७१ दिसला. देवेश म्हणाला, दशांशाची चूक असेल. मलाही तेच वाटलं. मी सूत्र तपासलं, ते बरोबर होतं. त्या संध्याकाळी ३.७४.

मी टेबल पुसायला काढलं. खरंच, कापड घेऊन काच पुसली. दुसरं काय करणार.

तक्रार.

गेल्या गुरुवारी मी पुन्हा वाडीवर आले. आयोजकांना रुग्णाची संमती व्हिडिओवर हवी होती. अनंताचं घर शेवटचं, वर जाणाऱ्या पायवाटेच्या कडेला. कुडाच्या भिंती सारवलेल्या, दाराशी तगरीचं झाड. कमळी, त्याची बायको, मोळी सोडत होती. तिने मला ओळखलं नाही. मी दोन शब्द बोलले मात्र, तिचा हात थांबला.

"तुमीच का त्या?"

"कोण?"

"ह्यो सांगतो त्या, मशिनीत बोलल्या त्या ताई," ती म्हणाली. आत जाऊन पाणी आणलं. अनंता भिंतीला टेकून बसला होता. जानेवारीपेक्षा बरा दिसत होता, किंवा निदान मोठा दिसत होता. छाती पुढे आलेली.

"ह्यो दम भरतो न् सोडत नाय," कमळी म्हणाली. "बोलता बोलता थांबतो. डोळं वर. मी पाठीवर बुक्की हानते तवा कुटं सुटतो."

"केव्हा होतं असं?"

"टायम हाय का त्याला! काल शाळंची खिचडीची घंटा झाली तवा. मंग एसटी येऊन वळली तवा, लागोपाट तीनदा. ऐतवारी नाय झालं. ऐतवारी बरा होता."

ऑफिसला रविवारी सुट्टी असते. हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मी सवयीने वहीत वेळा लिहून घेतल्या.

मी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. अनंताला म्हटलं, तुमचं नाव सांगा. तो म्हणाला, "अनंता..." आणि थांबला.

खांदे वर गेले. गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या. नजर छपरात, जिथे कौलातून उन्हाचा कवडसा येत होता, तिथे. बाहेर एक कोंबडी माती उकरत होती, तिचा आवाज येत होता. मोबाइलवर सेकंद पुढे सरकत होते, एकोणीस, वीस, एकवीस. मग त्याने फक्त डोळे खाली आणले, माझ्याकडे बघितलं आणि उरलेल्या जराशा वाऱ्यावर, अगदी अदबीने विचारलं, "ताई, सोडू का?"

"कुणी धरायला सांगितलंय तुम्हाला?" मी म्हटलं.

तो हसला. मी थट्टा करते आहे असं त्याला वाटलं असावं. कमळीने पुढे होऊन त्याच्या पाठीत बुक्की घातली.

घ्या.

वेळ बारा चाळीस. संध्याकाळी ऑफिसात टेबलाची नोंद काढली. कुणी केव्हा बोट लावलं ते सगळं त्यात राहतं. बारा चाळीसला देवेशने सभागृहाच्या मॅनेजरला टेबल दाखवलं होतं. खिचडीची घंटा, एसटी, तीन वेळा लागोपाठ. सगळं होतं.

देवेशला वही दाखवली. त्याने ती नीट वाचली, हे सांगायला हवं.

"रुचिरा, त्या माणसाला दम लागतो, कारण त्याची फुप्फुसं दगड झालीत. तेच तर आपण दाखवतोय. आपण पन्नास वेळा टेबल लावतो, त्याला पन्नास वेळा दम लागतो. जुळणारच."

"आकडा वाढतोय, देवेश."

"कितीवर आहे?"

"चार पूर्णांक शून्य आठ."

त्याने वही मिटून मला परत दिली. मग म्हणाला, "रविवारी होऊन जाऊ दे. सोमवारी हवं तर तुझं ते सोडा परत घाल. आता लॉक केलंय."

मी ऐकलं. हेही लिहून ठेवा. मला काही पटलं होतं म्हणून नाही. न पटणारं बोलून दाखवायची लाज वाटली म्हणून.

सोडा.

आज.

सकाळी साडेदहाला सभागृह उघडलं. टेबल मधोमध. पांढरे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, हातात चहाचे कागदी कप. पहिलं बोट लागलं आणि माझा आवाज छताला लावलेल्या स्पीकरमधून आला. श्वास घ्या. रोखून धरा.

कोपऱ्यात ४.२१.

तज्ज्ञ वाकले. "वा," एक बाई म्हणाल्या. "या कडेची गाठ बघा." बोट उचललं. दुसरं टेकलं. श्वास घ्या. रोखून धरा. रांग दारापर्यंत गेली. ४.२६. ४.३३.

डॉ. सत्यजीत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "कुणाचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"केस ०४."

"नाही, म्हणजे माणूस जगला का?"

मी मोबाइल काढून कमळीला फोन लावला. घंटा जात राहिली.

अडीच वाजता मुख्य सत्र सुरू झालं. दोनशे डॉक्टर टेबलाभोवती आणि पायऱ्यांवर. डॉ. सत्यजीत स्वतः मॉडेल उलगडत होते, बोट काचेवरून न उचलता. एक मिनिट. दीड मिनिट. सभागृह शांत होतं, इतकं की एसीच्या वाऱ्याने बॅनरची कडा हलते ते ऐकू यावं. आकडा माझ्या डोळ्यांसमोर बदलला. बोट लावलेलं असताना तो बदलत नाही, बदलू शकत नाही. ४.४०. ४.४१.

मी लोकांकडे पाहिलं.

कुणीच श्वास घेत नव्हतं.

सकाळच्या त्या बाईंचा कप ओठांपाशी थांबलेला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचे कान लाल झालेले. डॉ. सत्यजीत यांचे ओठ निळसर.

मी व्यासपीठावरचा माइक ओढून घेतला.

"सोडा."

दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडला. भरतीचं पाणी खाडीतून मागे सरावं तसा आवाज झाला. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि टाळ्या पडल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टेबलावरचं फुप्फुस हळूहळू लहान झालं. त्या फाइलमध्ये लहान होण्याची सोयच नाही.

२.०. १.४. १.१.

मी टेबलाची वायर काढून टाकली. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

मोबाइल वाजला.

"ताई," कमळी म्हणाली. "सोडला त्यानं. लई मोटा सोडला."

"बरं झालं, कमळीताई. बरं झालं."

"बरं काय! आता परत घेत नाय. तुमी सांगा ना त्याला घ्यायला."

चार वाक्यं असतात. मी तीनच धरून चालले होते.

घ्या.

सोडा.

घ्या.

तेव्हापासून म्हणते आहे. चौथं वाक्य म्हणून पाहिलं, आता नेहमीसारखा श्वास घेत राहा. त्याचा परिणाम होत नाही. उशीर झाला असेल. कमळीने मोबाइल त्याच्या कानाशी धरला आणि मी इकडून एकेक शब्द देत राहिले. देवेशला एका व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहून दिलं: अ‍ॅम्ब्युलन्स, नेरे, केस ०४. मग ते शेवटचं खोडून नाव लिहिलं, आणि खाली: टेबल लावू नकोस. तो काही न विचारता फोन लावायला धावला.

मी रिक्षा केली. कामोठ्यापर्यंत रिक्षावाला आरशातून बघत होता. मग म्हणाला, "प्राणायामाचा ऑनलाइन क्लास का मॅडम? फी काय असते?"

घ्या. सोडा. मी त्याला हाताने पुढे चल म्हटलं.

इथे पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. कमळीनेही म्हणून पाहिलं. तिच्या आवाजावर तो हलत नाही. "माजं त्यानं कवा ऐकलंय," ती म्हणाली आणि मग तिला रडू आलं. माझ्याच आवाजाचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग लावून पाहिलं, तेही चालत नाही. मीच लागते, आणि समोर असले तर बरं.

देवेशचा मेसेज आहे: गाडी निघाली, पुढे कंटेनर आडवा झालाय, तास लागेल. माझ्या पिशवीत परिषदेचं पॅड होतं, त्यावर लिहिते आहे. कमळी रस्त्याकडे डोळे लावून दाराबाहेर बसली आहे.

सध्याची स्थिती.

नाडी चालू. ओठांचा रंग बरा. शुद्धीवर आहे, डोळे उघडे, माझ्याकडे बघतो. सांगितल्याशिवाय श्वास घेत नाही, सांगितल्याशिवाय सोडत नाही. त्याला यंत्रावर घ्या, म्हणजे हा प्रश्न मिटेल. निदान मिटायला हवा.

तुम्ही मला विचाराल की कशामुळे. मला माहीत नाही. मी फक्त एवढाच विचार करते आहे की नाव पुसलं की जे उरतं ते सगळ्यांचं होतं असं मी समजत होते, आणि ते तसं नसावं. आपण एका माणसाचा एक श्वास घेतला. आठ-दहा सेकंदांचा, आयुष्यातल्या कोट्यवधींमधला एक. तो उजेडात धरला, दोनशे लोकांना त्यात बोटं घालू दिली. त्यातून भलंच व्हायचं होतं. तिथला एखादा डॉक्टर उद्या दुसऱ्या कुणाच्या छातीत तीच गाठ लवकर ओळखेल. हे खोटं नाही. पण तो श्वास त्याला परत द्यायचा असतो, हे आमच्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. कागदावर अंगठा होता. अंगठ्याखाली मराठीत छापलं होतं, 'मला सर्व समजावून सांगण्यात आले आहे.' जानेवारीत तो कागद त्याच्यापुढे मीच धरला होता, आणि घाईत होते, कारण मागे आणखी अकरा जण उभे होते आणि ऊन चढत होतं. त्याने विचारलं होतं, ह्याचं काय करनार? मी म्हटलं, मोठे डॉक्टर बघणार. तो म्हणाला, मंग मला बरं वाटंल का? मी त्याचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला.

आत्ता आठवलं हे. इतके दिवस आठवलं नव्हतं.

लिहिता लिहिता पान उलटलं आणि हात थांबला. या पानावर तो शब्द नाही. मागच्या पानाच्या खालच्या अर्ध्यातही नाही. मी तो म्हटलेलाच नाही, बराच वेळ.

वर पाहिलं.

अनंता उठून बसला आहे. छाती खाली जाते, वर येते. आपली आपण, सावकाश. तो माझ्याकडे बघतो आहे. चेहऱ्यावर काळजी आहे, दुसऱ्याची करतात तशी.

"सोडा, ताई," तो म्हणाला.

मी सोडला. धरलेला होता, हे सुटल्यावर कळलं.

परत घ्यायला गेले. आला नाही. तोंड उघडलं, खांदे उचलले, जसं करतात तसं सगळं केलं.

"घ्या," तो म्हणाला.

घेतला.

हे पाच वेळा झालं आहे. मी मोजलं. त्याचा आवाज शांत आहे, घाई नाही. डॉक्टर, वर पहिल्या ओळीत रुग्णाच्या नावापुढे दुरुस्ती करून घ्या.

गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"अवो!" बाहेरून कमळीची हाक. "आली बगा गाडी, फुडं चाललीय! मी ओरडून ऐकंना... कुनीतरी हात दावा!" मग तिला बाहेरूनच तो बसलेला दिसला असावा. साध्या आवाजात ती म्हणाली, "तुमी येता का?"

"घ्या," अनंता मला म्हणाला, आणि उठला.

टॉवेल खांद्यावर टाकला. दारात वाकला आणि बाहेर गेला.

इथून रस्त्यापर्यंत चढ आहे. त्याची पावलं ऐकू येत आहेत. कुठेही थांबत नाहीत, धाप लागत नाही. लांब जात आहेत.

मी धरून आहे.